गाडी शेठची, लायसन तुमचं



मुलुंड चेकनाक्यापासून दहिसर चेकनाक्यापर्यंत, रात्री उशिरा रस्त्याच्या कडेला लागलेल्या गाड्यांच्या केबिनमध्ये डोकावून बघा. स्टिअरिंगवर बावीस-चोवीस वर्षांची मुलं दिसतील. कोणी आयशर चालवतो, कोणी डंपर, कोणी छोटा हत्ती. कोणी बीडचा, कोणी जालन्याचा, कोणी साताऱ्याकडचा. असल्फ्याला, साकीनाक्याला नाहीतर मागाठाण्यात चार-पाच जणांत खोली घेऊन राहणारी ही मुलं. मी कामगार कायद्याची वकिली करते आणि वाहतूक कामगारांचे दावे माझ्याकडे येतात. या मुलांचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं: "मॅडम, काम चांगलंय, पण शेठ लई डेंजर आहे."

आज त्या शेठबद्दल बोलायचं आहे. शेठ म्हणजे गाडीमालक असेल, ट्रान्सपोर्टचा सुपरवायझर असेल, किंवा शेठचा नुकताच धंद्यात आलेला मुलगा असेल. त्याच्याशी जमवून कसं घ्यायचं, आणि कुठे अजिबात जमवून घ्यायचं नाही, हा आजचा विषय.

मुलगा असं म्हणाला की मी त्याला आधी विचारते, शेठ डेंजर म्हणजे नक्की काय करतो? ओरडतो, शिव्या घालतो, चार लोकांत अपमान करतो? की झोप येत असताना गाडी पळवायला सांगतो, पासिंगच्या वर माल भरायला लावतो, पगार दाबून ठेवतो, लायसन कपाटात ठेवून घेतो? मुलं या सगळ्याची एकच तक्रार करतात, पण या दोन अगदी वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीत तुमचं मन दुखतं. दुसरीत तुमचा जीव जातो, नाहीतर लायसन जातं. माझं मत स्पष्ट आहे. तोंडाने फटकळ शेठ सांभाळून घेता येतो आणि पुष्कळदा घ्यावाही. जीवावर बेतणारं सांगणारा शेठ गोड बोलत असला तरी त्याला नाही म्हणावं लागतं. आमच्या पोरांचं उलट होतं. शिवी दिली म्हणून ते नोकरी सोडतात आणि "बाळा, एवढी एक फेरी मार" म्हणणाऱ्यासाठी सलग दोन रात्री जागतात.

आधी फटकळ शेठचं बघू. उपनगरातले बरेच गाडीमालक दोन-चार गाड्यांचे धनी असतात, आणि त्यातले कितीतरी जण स्वतः क्लीनर म्हणून लागलेले, मग ड्रायव्हर झालेले असतात. डिझेल रोखीने भरावं लागतं, बँकेचा हप्ता कोणासाठी थांबत नाही, आणि पार्टीचं, म्हणजे माल देणाऱ्या गिऱ्हाइकाचं, बिल निघायला दोन-दोन, तीन-तीन महिने लागतात. त्यात माल उशिरा पोचला की पार्टी शेठवर ओरडते आणि शेठ तुमच्यावर. यामुळे त्याची शिवी बरोबर ठरत नाही. पण ती शिवी तुमच्यासाठी नसून त्या उशिरासाठी होती हे कळलं, की रात्री खोलीवर गेल्यावर ती डोक्यात घोळत राहत नाही. जुन्या ड्रायव्हर-शेठची आणखी एक सवय असते. "आम्ही तीन तीन दिवस झोपत नव्हतो," असं तो ऐकवतो. खरंही असेल ते. पण त्याच्या उमेदीत या रस्त्यांवर इतक्या गाड्या नव्हत्या, आणि तेव्हा जागून चालवणारे सगळेच आज ते सांगायला शिल्लक नाहीत.

अशा शेठशी वागताना काही साध्या सवयी उपयोगी पडतात. तो तापलेला असताना उत्तर देऊ नका, पण गप्पही बसू नका. "शेठ, सकाळी येऊन बोलतो" एवढं म्हणा आणि सकाळी खरंच जा. पार्टीसमोर किंवा हमालांसमोर बोलू नका, एकटा गाठून बोला. काम सांगितलं की ते उलट म्हणून दाखवा: "म्हणजे आधी भिवंडीचं गोडाऊन, मग वसई, आणि पोचपावतीवर सही-शिक्का घेऊन परत." निम्मी भांडणं "मी असं म्हणालोच नव्हतो" यावरून होतात. आणि नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर शेठची निंदा करू नका, कारण चहा संपायच्या आधी ती शेठच्या कानावर गेलेली असते.

फोनचं मात्र पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. काही शेठ दर पंधरा मिनिटांनी "कुठे पोचला?" विचारतात, गाडीला जीपीएस असलं तरी विचारतात. चालत्या गाडीत फोन हातात धरणं गुन्हा आहे, दंड तुमच्यावर बसतो आणि अपघात झाला तर पोलीस फोनचा रेकॉर्ड काढतात. म्हणून सांगून टाका: "शेठ, गाडी चालू असताना उचलणार नाही. ऐरोलीला थांबलो की करतो, गोडाऊनला लागलो की करतो." आणि तो फोन न चुकता स्वतःहून करा. न विचारता खबर देणाऱ्या ड्रायव्हरला शेठ हळूहळू विचारायचंच सोडून देतो.

आता डिझेल. माझ्या अनुभवात डिझेलवरून जेवढी मनं कलुषित होतात तेवढी पगारावरूनही होत नाहीत, कारण इथे चोरीचा आळ येतो. शेठचा हिशोब हायवेचा असतो. दहिसरच्या पुढे अहमदाबादच्या दिशेने मोकळ्या रस्त्यावर लिटरला पाच किलोमीटर देणारी गाडी साकीनाका, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड आणि घाटकोपर-मानखुर्द लिंक रोड करत फिरली तर साडेतीन-चारवर आली तरी नवल नाही. लालबहादूर शास्त्री मार्गावर मेट्रो ४ चं काम, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर मेट्रो ६ चं. सारखं पहिला-दुसरा गिअर, अर्धा क्लच, इंजिन चालू ठेवून रांगेत उभं राहणं. हे सगळं डिझेल पितं, पण शेठच्या वहीत ते किलोमीटर म्हणून उमटत नाही. मग तो म्हणतो, "दहा लिटर कुठे गेलं?" आणि पगारातून कापतो.

यावर वाद घालून उपयोग नाही, वही घाला. टाकी फुल केली की मीटरचा फोटो काढा आणि पंपाची पावती त्याच फोटोत येईल अशी धरा. पुढच्या वेळी पुन्हा फुल टाकी, पुन्हा मीटर, पुन्हा पावती. मधलं डिझेल आणि मधले किलोमीटर, एवढाच खरा अ‍ॅव्हरेज. काट्याकडे बघून काढलेला अ‍ॅव्हरेज कोणाचाच खरा नसतो. वहीत तारीख, मीटर, लिटर, गाडी भरलेली की खाली, आणि किती वेळ रांगेत उभी होती, एवढं लिहा. टायरमध्ये हवा कमी असेल तर तेही लिहा.

घाटकोपरच्या एका मुलाच्या पगारातून असेच पैसे कापले जात होते. त्याने दोन-अडीच महिने अशी वही ठेवली. वही उघडून बघितली तर अ‍ॅव्हरेज एका ठरावीक दिवशीच पडत होता. त्या दिवशी गाडी एका गोडाऊनला जायची, तिथे गेटबाहेर रांग दर दहा मिनिटांनी थोडी थोडी सरकायची, त्यामुळे इंजिन बंद करता येत नव्हतं. शेठ भांडायच्या तयारीने बसला होता, पण ही पानं बघून त्याने त्या पार्टीला फोन लावला आणि हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे, पैसे मागितले. कापलेले पैसे परत मिळाले. शेठचा स्वभाव काही बदलला नाही, पण त्या मुलाला पुन्हा चोर म्हणाला नाही. हिशोबाच्या माणसाशी हिशोबानेच बोलावं लागतं.

आता जीवाच्या गोष्टीकडे येते. झोप.

मोटार ट्रान्सपोर्ट कामगार कायदा १९६१ साली झाला. चालकाचं काम दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, एक दिवसाचं काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचं सुरू होईपर्यंत सलग नऊ तास मोकळे, लांब पल्ल्यासाठी दिवसाला दहा तासांपर्यंत सवलत, असं त्यात लिहिलं होतं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम ९१ चालकाच्या तासांसाठी याच कायद्याकडे बोट दाखवतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९६१ चा कायदा त्यांत सामावला गेला, पण आठ तासांचं माप तिथेही आहे आणि जादा कामाला दुप्पट मोबदला आहे. प्रत्यक्षात काय चालतं? सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० साली देशातल्या ट्रकचालकांचा अभ्यास केला. चालक दिवसाला बारा तासांच्या आसपास गाडी चालवतात आणि सुमारे निम्मे जण थकलेले किंवा पेंगुळलेले असतानाही चालवत राहतात, असं त्यात दिसलं. युरोपात साडेचार तास चालवल्यावर पंचेचाळीस मिनिटं थांबणं सक्तीचं आहे, आणि गाडीतलं टॅकोग्राफ नावाचं यंत्र ते टिपून ठेवतं. आपल्याकडे ते टिपणारं यंत्र तुमच्या केबिनमध्ये नाही, म्हणून तुम्हालाच टिपून ठेवायचं आहे: किती वाजता निघालो, कुठे थांबलो, किती वाजता खाली झालो.

पहाटे दोन ते पाच या वेळेत माणसाचं शरीर झोप मागतं आणि मागितलेली झोप ते डोळे उघडे असतानाही घेतं. दोन-तीन सेकंदांची डुलकी आपल्याला लागली होती हेही कळत नाही. ताशी साठच्या वेगात तीन सेकंदांत गाडी पन्नास मीटर जाते. चहा, तंबाखू, मोठ्याने गाणी, यातलं काहीही झोपेला पर्याय नाही. जागं राहण्यासाठी गोळी देणारा कोणी भेटला तर त्याच्यापासून चार हात लांब राहा.

पण शेठला नाही कसं म्हणायचं? नुसतं "जमणार नाही" म्हटलं की तो भडकतो. नकारासोबत दुसरी वेळ द्या. गाडी सुरक्षित जागी लावा, लोकेशन पाठवा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून टाका: "शेठ, डोळे मिटतायत. इथे दोन तास पडतो, पाचला निघतो, नऊपर्यंत माल खाली होतो. पार्टीला सांगून ठेवा." यात शेठला तीन गोष्टी मिळतात: गाडी कुठे आहे, कधी निघणार, पार्टीला काय सांगायचं. आणि तुमच्याजवळ पुरावा राहतो. तो म्हणेल, "ई-वे बिल संपेल रे रात्री बाराला." त्यालाही उत्तर आहे. साध्या मालाच्या ई-वे बिलाला दर दोनशे किलोमीटरमागे एक दिवस मिळतो, आणि मुदत संपायच्या आधीचे आठ तास व नंतरचे आठ तास या काळात ती वाढवून घेता येते. ऑफिसमध्ये बसलेल्या माणसाला ते संगणकावर करता येतं. त्याच्या पाच मिनिटांच्या कामासाठी तुम्ही रात्रभर जागायचं कारण नाही. तीच गोष्ट नाक्याची. मुंबईत सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत अवजड गाड्यांना बंदी असते, आणि त्या वेळा वाहतूक पोलीस बदलतात. चालू वेळापत्रक शेठला आणि पार्टीला आधीच पाठवून ठेवलं तर "नाका का नाही पार केला" हा प्रश्नच उरत नाही.

दुसरी जीवाची गोष्ट, ओव्हरलोड. दोन अ‍ॅक्सलच्या ट्रकला २०१८ मध्ये वजनाची मर्यादा वाढवून मिळाली, १६.२ टनांवरून १८.५ टनांवर, गाडीसकट. तरी वरती भरलं जातंच. कलम १९४ प्रमाणे जादा वजनाला वीस हजार रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलत नाही. काट्यावर जायला नकार दिला तर चाळीस हजार. मुलांना वाटतं, दंड शेठ भरेल, आपलं काय जातं? तुमचं लायसन जातं. ओव्हरलोडसाठी लायसन किमान तीन महिने निलंबित करा, असं सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये राज्यांना सांगितलेलं आहे. तीन महिने लायसन नाही म्हणजे तीन महिने चूल नाही. शेठ दुसऱ्या दिवशी दुसरा ड्रायव्हर बसवतो.

कायद्याची एक बाजू मात्र फारशी कोणी या मुलांना सांगत नाही. कलम १९४ जेवढं चालवणाऱ्याला लागू आहे तेवढंच चालवायला लावणाऱ्यालाही. आणि कलम ११३ म्हणतं, चालक स्वतः मालक नसेल तर हे मालकाच्या माहितीने किंवा हुकुमाने झालं असं न्यायालय गृहीत धरू शकतं. म्हणून गाडी भरली की काट्याच्या पावतीचा फोटो काढा आणि निघायच्या आधी शेठला पाठवा: "काट्यावर एकवीस आलंय, पासिंग साडेअठराचं. काय करू?" मी अनेक मुलांना हे करायला लावलं आहे. लेखी प्रश्न आला की "तसाच निघ" असं लेखी उत्तर द्यायला शेठचा हात धजत नाही. बरेच जण म्हणतात, "अडीच टन उतरव." आणि ज्याने "निघ" लिहिलं, त्याचं ते उत्तर तुमच्या फोनमध्ये राहतं.

लायसनबद्दल आणखी थोडं. "जमा करून ठेव, सोडताना देतो" म्हणून मूळ लायसन ठेवून घेण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. शेठला तो अधिकार नाही. झेरॉक्स द्या, मूळ तुमच्याजवळ ठेवा, आणि डिजीलॉकरमध्ये उतरवून घ्या. तिथलं लायसन पोलीस मान्य करतात. हलक्या वाहनाच्या लायसनवर ७५०० किलो एकूण वजनापर्यंतची मालगाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. त्यापेक्षा मोठ्या गाडीची चावी शेठने हातात दिली तर घेऊ नका, "कोण बघतंय" म्हणाला तरी घेऊ नका. तुमची आरटीओ अंधेरी असो, बोरिवली असो की वडाळा, अवजड वाहनाचा पक्का परवाना काढायला जे पैसे आणि जो वेळ लागेल तो लावा.

पगाराचं सांगते. नव्या वेतन संहितेप्रमाणे महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळायला हवा, आणि नोकरी सोडली किंवा काढून टाकलं तर कामाच्या दोन दिवसांत पूर्ण हिशोब. ही तरतूद एका गाडीच्या मालकालाही चुकत नाही. माल फुटला, आरसा तुटला म्हणून शेठ मनाला येईल तेवढं कापू शकत नाही. नुकसान तुमच्या हलगर्जीपणामुळे झालं असेल तरच, तुमचं म्हणणं ऐकून घेतल्यावरच, आणि झालं तेवढंच कापता येतं. सगळ्या कपाती मिळून निम्म्या पगाराच्या वर जाता कामा नयेत. राहिलेल्या पगाराचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, आणि पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. भत्ता आणि पगार वेगवेगळे लिहा. भत्ता खुराकीसाठी आणि वाटखर्चासाठी असतो. तो दिला म्हणून पगार दिला असं होत नाही. पार्किंगचं चलान, टोल, माल उतरवताना मागितली जाणारी वाराई, हे कोणी भरायचं ते फेरीच्या आधी विचारून घ्या. "ज्याचा माल त्याचा हमाल" असं वाहतूकदार स्वतःच म्हणतात; मग ड्रायव्हरच्या खिशातून वाराई जायचं कारण नाही.

आणि उचल. लग्न, आजारपण, घरचं बांधकाम, कशाहीसाठी तुम्ही शेठकडून पन्नास हजार उचलले, की आवाज बदलतो: त्याचा चढतो, तुमचा उतरतो. उचल घ्यायचीच झाली तर तारीख, रक्कम आणि दरमहा किती फिटणार हे कागदावर घ्या आणि दोघांची सही करा. "उचल फिटेपर्यंत गाडी सोडायची नाही" असं कोणी म्हणालं तर लक्षात ठेवा, कर्जापोटी माणसाला कामावर बांधून ठेवणं १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. पैसे देणं लागता, तेवढे फेडा. माणूस गहाण पडत नाही.

मालकाकडे दहा किंवा जास्त कामगार असतील आणि तुमचा पगार २१ हजारांच्या आत असेल तर कामगार राज्य विम्याचं कार्ड मागा. मुलुंडला आणि कांदिवलीला विम्याची रुग्णालयं आहेत, घरच्यांनाही त्याचा उपयोग होतो. मालक लहान असेल तर निदान ई-श्रमवर नोंदणी करा.

अपघाताबद्दल शेठ काय सांगेल याचा विचार आधीच करून ठेवा, कारण त्या क्षणी डोकं चालत नाही. "गाडी सोडून पळ" असा सल्ला मिळतो. पळू नका. जानेवारी २०२४ मध्ये याच मुद्द्यावर देशभर ट्रकवाले संपावर गेले होते आणि पंपांवर रांगा लागल्या होत्या. पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंतची शिक्षा सांगणारं नव्या फौजदारी कायद्यातलं ते पोटकलम सरकारने जुलै २०२४ मध्ये बाकी कायदा लागू करताना थांबवून ठेवलं. पण जखमीला मदत करायची आणि पोलिसांना कळवायचं हे कर्तव्य मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये आधीपासूनच आहे. जमाव अंगावर येत असेल तर तिथून बाजूला व्हायची मोकळीक त्याच कलमात आहे. बाजूला व्हा, पण ११२ ला फोन लावा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात स्वतः हजर व्हा. आणि दुसऱ्याने केलेला अपघात "तू तुझ्या नावावर घे, मी बघतो" असं शेठ म्हणाला, तर कितीही पैसे देऊ केले तरी घेऊ नका. खटला वर्षानुवर्षं चालतो, आणि बघतो म्हणणारा माणूस तारखेला येत नाही.

अंगावर हात टाकला, कोंडून ठेवलं, जातीवरून शिवी दिली, तर ते स्वभाव म्हणून सोसायचं नाही. तिथे सरळ पोलीस ठाणं.

कधी कधी सगळं करून बघितल्यावर नोकरी सोडायचीच असते. सोडा, पण रस्त्यात सोडू नका. मालाने भरलेली गाडी पुलाखाली लावून, चावी टायरवर ठेवून, फोन बंद करून गावी निघून गेलेली मुलं मी पाहिली आहेत. खरी तक्रार त्यांची असते आणि गुन्हा त्यांच्यावरच दाखल होतो. गाडी शेठच्या दारात आणा. मीटर, डिझेलचा काटा, स्टेपनी, जॅक, ताडपत्री, कागदपत्रं, सगळ्यांचे फोटो काढा, "मिळालं" म्हणून सही घ्या, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. मग बाकी पगार मागा. दिला नाही तर वांद्रे-कुर्ला संकुलातलं कामगार भवन गाठा, तिथे कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. वकिलाचे पैसे नसतील तर १५१०० या क्रमांकावर विधी सेवा प्राधिकरण मोफत मदत देतं. आणि फार घुसमट होत असेल, झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीत बोलता येतं. गाडी चालवणारा माणूस रडत नाही, असं कोणी सांगितलं असेल तर ते खोटं आहे.

तुमची गाडी भरणाऱ्या हमालांकडे एकदा बघा. त्यांचा मालक एक नव्हता, आज या पेढीवर तर उद्या त्या गोडाऊनला. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना एकत्र आणलं आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला, मंडळं झाली, मजुरी मंडळातून मिळू लागली. ट्रकचालकांचं तसं झालेलं नाही, आणि मला ते खटकतं. एकेकट्याने शेठपुढे उभं राहणं अवघड असतं. एकाच शेठकडचे चार ड्रायव्हर मिळून, शांतपणे, एकाच मागणीसाठी गेले तर तो ऐकतो. "पगार सात तारखेला" ही एकच मागणी घेऊन सुरुवात करा.

शेवटी गाडीमालकांना विनंती. तुमच्यातले अनेक जण आता हे ऐकत असतील, तुम्ही स्वतःही कधी त्या सीटवर बसला आहात. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालगाड्यांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे. चालकाचा थकवा हा सगळ्यांच्या जीवाचा प्रश्न आहे हे सरकारलाही पटलं. भाड्याचं नुकसान पुढच्या महिन्यात भरून काढता येतं. आज रात्री तुमच्या गाडीवरून फोन आला आणि पोरगं म्हणालं, शेठ, झोप येतेय, तर त्याला एवढंच सांगा: गाडी बाजूला लाव, पार्टीशी मी बोलतो.